रास्ना काय खाते

मामाजी,

तुमची तेरवी होऊन आठ दिवस झाले. पाहुणे गेले, उसनी आणलेली भांडी ज्याची त्याला परत दिली, ओसरीवरची तुमची खाट मामींनी भिंतीला उभी करून ठेवली. घर आपल्या कामाला लागलं आहे. मला मात्र सकाळी पाणी भरून झालं की हात थांबल्यासारखा होतो. त्या वेळेला आपला वाद असायचा.

मी कोणाशी वाद घालते असं माझ्या माहेरी सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही. चौथीपर्यंत शाळेत होते, तेव्हा गुरुजी हजेरीला माझं नाव दोनदा घ्यायचे, कारण माझं पहिलं ‘हजर’ त्यांना ऐकूच जायचं नाही. तुमच्याशी मी बोलले ती सगळी मिळून तीन-साडेतीन वर्षं. त्याआधीची चार वर्षं एक अक्षर नाही. आता तुम्ही नाही, आणि एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. तुम्ही सरळ विचारलं होतं, आणि मी तुमच्याशी खोटं बोलले. म्हणून लिहिते. घरातल्या हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी होती.

सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नसतं हे मला कोणी शिकवलं नव्हतं. ते माहीतच असतं. तुम्ही अंगणात आले की मी पदर पुढे ओढून दाराआड व्हायची. तुम्हाला काही पाहिजे असलं तर तुम्ही गाईला सांगायचे. “आज भाकरीसंगं ठेचा भेटन काय व?” असं तिला विचारायचे, आणि मी आतून बांगड्या वाजवायची. एकदा वाजवल्या तर हो. दोनदा वाजवल्या तर मिरच्या संपल्या. मामी म्हणायच्या, गाय बिचारी, तिले वाटते आपल्यालेच जेवायले बोलावून राह्यला.

मी आले आणि दोन वर्षांतच दुष्काळ पडला. रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी होत्या. तुम्ही ताटात अर्धी भाकरी ठेवून उठायचे आणि पोट भरलं म्हणून सांगायचे, तेही गाईलाच. मी तेव्हा पोटुशी होते. ती अर्धी भाकरी कोणासाठी राहते ते मला समजत होतं, पण ते समजलं हे सांगायला बांगड्या पुरत नव्हत्या. त्याच उन्हाळ्यात ढवळ्या बैल खाली बसला तो उठला नाही. तुम्ही त्याच्या तोंडापुढे कडुनिंबाचा पाला धरून तीन दिवस बसून होते. नंतर कोणी ‘उपाशी’ हा शब्द नुसता काढला तरी तुम्ही तिथून उठून जायचे.

पुढच्या वर्षी पाणी बरं झालं. ग्रामसेवकानं सांगितलं म्हणून तुम्ही हायब्रीड ज्वारी पेरली आणि कारंज्याहून युरियाचं पोतं आणलं. सगळे त्याला पांढरं खत म्हणायचे. ज्वारी झाली बुटकी. याचा कडबा काय कोंबड्यांले घालू, असं मामी म्हणाल्या. पण कणीस असं भरलं की तुम्ही त्यातलं एक कापून आणलं आणि देवळीत ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. तेव्हापासून तुम्हाला जे जे मलूल दिसे त्याला तुम्ही पांढरं खत द्यायचे. वांग्यांना दिलं, मोगऱ्याला दिलं, शेजारच्यांच्या पपईला त्यांना न विचारता दिलं.

रास्नेचं झाड घरी आलं ते त्याच वर्षी. आई गेली आणि माझ्या भावांनी शेताच्या धुऱ्यावरचा म्हातारा आंबा तोडला. मी गेले तेव्हा तो शेतात आडवा पडला होता. त्याच्या एका फांदीवर आईची रास्ना होती. आई दरवर्षी तिच्या एकदोन मुळ्या तेवढ्या काढायची, तिळाच्या तेलात उकळायची आणि गावातल्या बायकांच्या गुडघ्यांना ते तेल लावून द्यायची. एकदोनच्या वर कधी नाही. मी फांदीचा तेवढा तुकडा भावाकडून तोडून घेतला आणि ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन एसटीत बसले. शेजारची बाई म्हणाली, बांडगूळ कायले नेतं व बाई, आमच्या इथं फुकट हाये. मी तिला सांगणार होते की बांडगूळ झाडाचा रस पितं, ही नुसती फांदीवर बसते, हिला माती लागत नाही. उतरायचं कामरगाव आलं तरी माझं सांगणं तोंडातच होतं.

अंगणातल्या कडुनिंबाला मी तो तुकडा जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बांधला. बोटाएवढ्या जाड पांढऱ्या मुळ्या हवेत लोंबत होत्या. पाणी मारलं की त्या हिरव्या व्हायच्या, वाळल्या की पुन्हा चांदीसारख्या. माहेरचं म्हणावं असं माझ्याजवळ तेवढंच होतं.

तुम्ही रोज येता-जाता त्या उघड्या मुळ्यांकडे पाहायचे. मला वाटायचं, कौतुकानं पाहतात.

दिवाळीनंतर एक दिवस मी कापूस वेचून आले तर झाडावर पट्टी तेवढी होती. रास्ना तुम्ही खाली काढली होती. तेलाच्या रिकाम्या डब्यात काळी माती भरून, वर शेणखत घालून, तिच्या सगळ्या मुळ्या त्यात गाडल्या होत्या, आणि वरून पांढऱ्या खताची एक मूठ. डबा ओसरीच्या कडेला ठेवला होता, येणाऱ्याला पहिला दिसेल असा. तुम्ही गाईला सांगत होते, “पाह्य, आता कशी जोमानं वाढन. बिचारी उपाशी लटकून होती.”

मी आत गेले. तुमच्या मुलाला सांगितलं, तर ते म्हणाले, बाबाले कोण सांगन, जाऊ दे, झाडच हाये. मामींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, खाऊ दे व त्याले, तुयं काय जाते. चार दिवसांनी पानांची टोकं तपकिरी झाली. तुम्हाला वाटलं, भूक जास्त आहे. तुम्ही दुसरी मूठ दिली. मातीवर पांढरी खपली धरली, खालची दोन पानं पिवळी होऊन गळाली, डब्याजवळ गेलं की सडका वास यायचा. बारा दिवस मी ते पाहत होते. आईच्या हातची शेवटची वस्तू माझ्या डोळ्यांसमोर मरत होती आणि मला एक वाक्य बोलायचं होतं. ते मी मनात किती वेळा म्हणून पाहिलं. दर वेळी तुम्ही समोर आले की मी पदर ओढून आत जायची.

तेराव्या दिवशी सकाळी मी सडा टाकत होते. तुम्ही पोत्यात हात घातला आणि मूठ भरून डब्याकडे निघाले.

“मामाजी, नका देऊ. जळून राह्यली ते.”

तुम्ही मागे वळून पाहिलं. माझ्याकडे नाही, माझ्या मागे पाहिलं, कोण बाई आली म्हणून. मागे कोणी नव्हतं. मग तुम्ही मूठ हळूच पोत्यात सोडली, हात धोतराला पुसला आणि डब्याजवळ खाली बसले. मला वाटलं आता मामींना हाक माराल. तुम्ही पानाला बोट लावलं. ते तुमच्या हातात गळून आलं.

“मंग काय करू?” तुम्ही विचारलं.

मामाजी, ह्या चार शब्दांसाठी... नाही, तीनच आहेत, मोजले मी आता. माझ्या आयुष्यात मला कोणी काही विचारलं नव्हतं, असं नाही. मीठ कुठं ठेवलं ते विचारतात. पण मोठ्या माणसाला येत नाही आणि ते मला येत असेल, असं धरून कोणी विचारलं नव्हतं. तुम्ही साठीच्या वर होते. तुम्ही खाली बसले होते आणि मी उभी होते, आणि पदर ओढायचंसुद्धा मला सुचलं नाही.

मी सांगितलं, माती सगळी धुवावी लागेल, खूप पाणी लागेल. तुम्ही बादली घेऊन स्वतः विहिरीवर गेले. आपल्या घरचा माणूस पाणी भरतो हे पाहून आळीतल्या बायका दारात आल्या. तुम्ही सात बादल्या आणल्या. मी धुतलं. मुळ्यांवरची कातडी उकडलेल्या कांद्यासारखी सुटून हातात येत होती आणि आत नुसता दोरा राहत होता. अकरा मुळ्यांतल्या दोन धड होत्या, एक अर्धी. मी तिथंच बसून राहिले. पुढे काय करायचं ते मलाही माहीत नव्हतं. आईची रास्ना कधी सडलीच नव्हती.

ते तुम्हाला माहीत होतं. तुम्ही म्हणाले, बैलाचा खूर सडला त काय करतो आपण? जित्तं लागेपर्यंत कापतो. तुम्ही आतून दाढीचा वस्तरा आणला, दिव्यावर तापवला आणि एकेक सडकी मुळी कापत गेले, जिथं आत पांढरं लागेल तिथपर्यंत. मी प्रत्येक जखमेवर हळद दाबली. कापताना तुम्ही श्वास धरायचे. मध्येच तुम्ही विचारलं, “तुले माईत होतं, त काहून नाई सांगतलं?”

“तुमी मोठे,” मी म्हणाले.

“मोठा आहो म्हून जाळू देशीन काय?”

मामी तेवढ्यात बाहेर आल्या. त्यांनी आपल्या दोघांना असं समोरासमोर बसलेलं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “चार वर्षं मुकी होती,” त्या म्हणाल्या, “अन् बोलली त खतावर बोलली. लोक काय म्हनतीन?” तुम्ही वस्तऱ्यावरून नजर काढली नाही. “तिच्या मायची वस्तू मी जाळली,” तुम्ही म्हणाले. “ते नाई बोलन त कोन बोलन? तू?” मामी आत गेल्या आणि त्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडलं. तुम्ही दोनदा मागून खाल्ली.

दोन दिवस रास्ना सावलीत उलटी टांगून वाळवली. मग तुराट्यांच्या लहान टोपलीत छपरावरच्या फुटक्या कवेलूचे आणि कोळशाचे तुकडे घालून तिला वर बसवलं आणि पाण्याच्या माठांवर गारव्याला टांगली. खत नाही, माती नाही. सकाळी एकदा पाणी शिंपडायचं. ते काम तुम्ही घेतलं. आणि तिचं नाव ठेवलं. माझ्या आईच्या घरची, म्हणजे तुमची विहीणच, म्हणून तुम्ही तिला इहीनबाई म्हणायला लागले. “इहीनबाईचं आंग कसं हाये आज?” रोज सकाळी हा प्रश्न. आता तो गाईला नसायचा, मला असायचा. माझी आई आणि तुम्ही लग्नात एकदाच भेटले होते. ती गेल्यावर तिची विचारपूस रोज कोणी करेल असं मला वाटलं नव्हतं. मी त्याबद्दल तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. आज म्हणते. फार बरं वाटायचं.

पहिला उन्हाळा वाईट गेला. तीनच पानं राहिली होती, तीही सुरकुतलेली. तुम्ही दुपारी टोपलीशेजारी ओलं पोतं लावायचे आणि तासातासाला त्यावर पाणी मारायचे. शेतात निघाले की मला बजावून जायचे. मामी म्हणायच्या, विहिणीची एवढी सेवा ह्या गावात कोनं केली नसन. मग पावसात एक दिवस तुम्ही मला हाक मारली, एवढ्या मोठ्यानं की मला वाटलं साप निघाला. अर्ध्या मुळीच्या बाजूनं एक हिरवं टोक निघालं होतं, ज्वारीच्या दाण्याएवढं. तुम्ही त्याला हात लावू देत नव्हते.

तिथून आपला वाद सुरू झाला. तुमचं म्हणणं, जे जित्तं आहे ते खाते. माझं म्हणणं, ही हवा खाते. “हवेवर कोनी जगते काय? साधूबी कंद खाते.” मी म्हणायची, मग तुम्ही दिलं ते तिनं का नाही खाल्लं? तुम्ही दुसऱ्या दिवशी नवीन मुद्दा घेऊन यायचे. शाळेच्या मास्तरांनाही तुम्ही ओढून आणलं. ते म्हणाले, याला इंग्रजीत ऑर्किड म्हणतात. त्यांना पुढे काही माहीत नव्हतं. तुम्ही म्हणाले, हे नाव त जनावराच्या रोगासारखं हाये, आपली इहीनबाईच बरी.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी एक दिवस तुम्ही शेतातून आले ते हसतच. अंगणातूनच सांगायला लागले. “झाडावर कावळे बसते, साळुंक्या बसते. ते काय करते? अन् पानी आलं का ते सारं धुऊन फांदीवरून खाली येते. मुळ्या तिथंच असते. सांग आता!” मी म्हणाले, कावळा काही रोज तिथंच बसत नाही. तुम्ही इतके हसले की मामी बाहेर आल्या. तो दिवस मी जिंकला, असं तुम्हीच म्हणाले.

मामाजी, सांगायचं आहे ते इथं आहे.

तुमचं ते बोलणं माझ्या मनातून गेलं नाही. भाकरी थापता थापता मला आईचा आंबा आठवला. त्याच्या एका बाजूला बगळ्यांची वस्ती होती. आई त्या बाजूला आम्हाला खेळू द्यायची नाही, डोक्यावर घाण पडते म्हणून. आणि रास्ना त्याच बाजूला होती. दुसऱ्या बाजूला पण दोनतीन होत्या, त्या बारीकच राहिल्या. आई तेल काढायला त्यांना हात लावायची नाही. हे सगळं मी लहानपणापासून पाहिलं होतं आणि मला कधी दिसलं नव्हतं.

त्या पावसाळ्यात तुम्ही बाजाराला कामरगावला गेले की मी जुन्या वाळलेल्या शेणखताची मूठ बादलीत भिजवायची. तीन दिवसांनी वरचं निवळ पाणी काढून त्यात पुन्हा तेवढंच साधं पाणी घालायची, इतकं की रंग फिक्या चहासारखा दिसावा. आधी मुळ्या नुसत्या पाण्यानं ओल्या करायच्या, मग हे थोडं शिंपडायचं. दहा-बारा दिवसांनी एकदा, आणि पाऊस आहे तोवरच. पहिल्यांदा दिलं तेव्हा अर्धी वाटीच शिंपडली. वाटलं, तुमच्यासारखंच करून बसते आता. पण जळालं नाही. त्या एका पावसाळ्यात चार मुळ्या फुटल्या आणि दोन पानं आली. आधीच्या पूर्ण वर्षात एक आलं होतं.

तुम्ही म्हणाले, “पाह्य व, हवा मानवली इहीनबाईले.” तुम्ही हार मानली होती, तुमच्या तोंडानं. मला सांगायला हवं होतं. मी माठ घासत राहिले.

मागच्या उन्हाळ्यात ती फुलली. सहा फुलं. पिवळट तपकिरी पाकळ्या, त्यांवर जाळी, मधली जीभ जांभळी. दुपारी ओसरीभर वास. तुम्ही सगळ्या आळीला बोलावून दाखवलं आणि सांगितलं, हे माझ्या सुनेनं वाचवलं. आणि लोक गेल्यावर मला म्हणाले, पोटात माह्यं जुनं खत होतं तवा फुललं. आपण दोघंही हसलो. तेव्हा सांगणं किती सोपं होतं. तरी नाही सांगितलं.

का नाही, ते लिहायला लाज वाटते. ह्या घरात मी तो एकच वाद जिंकत होते. आयुष्यात पहिला. तो मला सोडवत नव्हता. आणि तुम्ही रोज नवीन मुद्दा घेऊन यायचे, त्याची मला वाट असायची. वाटायचं, खरं सांगितलं तर उद्या सकाळी हे काय विचारतील?

माघात तुम्हाला ताप भरला. कारंज्याच्या डॉक्टरनं छातीत पाणी झालं म्हणून सांगितलं. तुम्ही खाट ओसरीवर, टोपली दिसेल अशी टाकायला लावली. शेवटच्या बऱ्या दिवशी मी तुम्हाला पेज देत होते. तुम्ही वर टोपलीकडे पाहिलं आणि म्हणाले, “खरं सांग, पोरी. तू तिले काई देत होती काय?”

“हवा,” मी म्हणाले.

तुम्ही हसले. हसता हसता खोकला आला, मामी मला रागावल्या, मी वाटी घेऊन आत गेले. वाटलं होतं, बरे झाले की सांगू. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेले.

तर ऐका, मामाजी. तुम्ही बरोबर होते. ती खाते. थोडं खाते, पातळ खाते, पाऊस असताना खाते, पण खाते. जित्तं आहे ते खाते, हे तुमचं म्हणणं खरं आहे. तुमची मूठ मोठी होती एवढंच चुकलं, आणि ती मूठ मोठी का होती हे मला माहीत आहे, कारण तुम्ही ताटात ठेवलेली अर्धी भाकरी मी खाल्ली आहे.

आता घरात मला विचारतात. काल तुमच्या मुलानं विचारलं, यंदा तुरीत काय पेरू. मामी गेल्या हप्त्यात शेजारणीला सांगत होत्या, रोपाचं काही असलं त आमच्या सुनेले विचार. मी हळूच सांगते, पण त्यांना पहिल्याच वेळी ऐकू जातं.

सध्या ऊन वाढलं आहे, म्हणून मी तिला पाण्याशिवाय काही देत नाही. मृग लागला की खताचं पाणी करीन. बाजाराच्या दिवसाची वाट पाहणार नाही, मामींच्या समोर करीन. त्या म्हणतीलच, हवा खाते म्हनत होती ना व. मग मी त्यांना सांगीन, मामाजी म्हणत होते ते खरं होतं, मी त्यांना सांगितलं नाही.